आधी पोच, मग फावडं: सोलापुरात आपली गल्ली सुधारायला निघालेल्यांसाठी

तीन वर्षांपूर्वी ऐन आषाढात आमच्या गल्लीतल्या सतरा जणांनी मिळून कोपऱ्यावरच्या पडीक जागेत बत्तीस रोपं लावली. कडुलिंब, करंज आणि दोन वड. फोटो काढले, पेढे वाटले. कडुलिंबं गुडघ्याएवढी झाली आणि दिवाळीनंतर एका सकाळी जेसीबीचा आवाज आला. जागेचा मालक पुण्याहून आला होता, हातात उतारा होता. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "ताई, झाडं चांगलीच होती ओ, पण मला विचारायचं तरी." विचारायचं आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. जागा मोकळी दिसते म्हणजे सरकारी, असं आम्ही धरून चाललो होतो.

मी युनिफॉर्मच्या कारखान्यात हिशेब लिहिते. राहते विजापूर रोडच्या बाजूला, १९९२ च्या हद्दवाढीत शहरात आलेल्या भागात. कागद सांभाळणं हा माझा रोजचा धंदा, आणि तरी गल्लीच्या कामात मी कागदच विसरले. त्यानंतर बरंच शिकलो, काही गोष्टी दोनदा चुकून शिकलो. तुम्ही नव्याने सुरुवात करत असाल तर खालच्या क्रमाने जा.

१. आठवडाभर फक्त फिरा आणि लिहा

शंभर पानी वही घ्या. सकाळी सहाला, भर दुपारी आणि रात्री दहाला, अशा तीन वेळा गल्ली फिरा. तीच गल्ली तीन वेगवेगळी दिसते. बंद दिव्याच्या खांबाचा नंबर, फुटलेल्या चेंबरचं झाकण कोणाच्या घरासमोर, कचरा कुठे पडतो, पाणी कुठे साचतं, हे सगळं लिहा. फोटो काढताना मागे एखादं घर किंवा दुकान दिसू द्या, नाहीतर महिन्याभराने तुम्हालाच ओळखू येत नाही कुठला खड्डा ते.

मग यादीतलं एकच काम निवडा. माझं मत विचाराल तर पहिलं काम दिव्याचं घ्या. त्याला वर्गणी लागत नाही, अंगमेहनत लागत नाही, खांब नंबर टाकून एक अर्ज लागतो. दिवा लागला की गल्लीला कळतं की या लोकांच्या कागदाने काहीतरी होतं. दुसऱ्या कामाला माणसं आपण होऊन विचारतात.

२. माणसं गोळा करा, पण पाण्याच्या दिवशी नको

पहिली बैठक आम्ही ठेवली आणि तीन माणसं आली. नंतर लक्षात आलं, त्या दिवशी पाणी होतं. उजनी धरण भरलेलं असो की रिकामं, आपल्याकडे पाणी काही दिवसांच्या अंतराने येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातला प्रत्येक हात भांड्याला लागलेला असतो. तेव्हा बैठकीचा वार ठरवण्याआधी पाण्याचं वेळापत्रक बघा.

दुसरं, भाषा. आपल्या शहरात एका बोळात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू चारही ऐकू येतात. पूर्व भागात राहत असाल तर निरोप तेलुगूतूनही गेला पाहिजे. आमच्याकडे एक अक्का आहेत, मराठी मोडकंतोडकं बोलतात, पण त्यांनी तेलुगूतून दारोदार सांगितल्यावर जेवढ्या बायका आल्या तेवढ्या माझ्या छापील पत्रकाने कधी आल्या नाहीत. विडी वळणाऱ्या बायकांना विड्या जमा करायला जायची वेळ ठरलेली असते, यंत्रमागावरच्या माणसांना पाळी असते. त्यांच्या सवडीची वेळ त्यांनाच विचारा. भाडेकरूंना वगळू नका. गल्लीत कचरा त्यांच्याही घरातून निघतो आणि डासही त्यांना चावतात.

पाच माणसं पुरतात. अध्यक्ष, उपाध्यक्ष ठरवायच्या भानगडीत पडू नका, त्यात दोन बैठका जातात आणि दोन माणसं रुसतात. तीन जबाबदाऱ्या वाटा: एकाकडे कागद, एकाकडे पैसे, एकाकडे अवजारं. व्हॉट्सॲपवर गट काढलात तर तो फक्त सूचनांचा ठेवा, नाहीतर सुप्रभाताच्या फुलांखाली श्रमदानाची वेळ गाडली जाते. किराणा दुकानाबाहेर एक काळा फळा लावा. तो सगळे वाचतात.

कोणी म्हणालंच की हे काम महापालिकेचं, आपण का करायचं, तर वाद घालू नका. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात माणसं जमवून तळं खोदलं हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय, गड्ड्याच्या यात्रेला त्याच तळ्याकाठी जातोय. एवढं सांगून चहा पाजा. पटलं तर येतील.

३. जागा कोणाची, हे आधी शोधा

हा टप्पा सगळ्यात कंटाळवाणा. पण याच टप्प्यावर आमची बत्तीस रोपं गेली, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मोकळी दिसणारी जागा महापालिकेची असू शकते, मंजूर लेआउटमधली (प्लॉट पाडतानाच्या नकाशातली) सगळ्यांसाठी मोकळी सोडलेली ओपन स्पेस असू शकते, विकास आराखड्यात शाळेसाठी किंवा बागेसाठी आरक्षित पण अजून ताब्यात न घेतलेली असू शकते, रेल्वेची असू शकते, देवस्थानाची किंवा वक्फची असू शकते, नाल्याचं पात्र असू शकतं. किंवा सरळ कोणाचा तरी प्लॉट असतो, ज्याचा मालक पुण्या-मुंबईला राहतो.

शोधायचं असं:

- जुन्या रहिवाशांकडून गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर काढा. तुमच्या स्वतःच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेल्या असतात. तुमच्या पूर्वेला काय, पश्चिमेला काय, हे तिथेच सापडेल.
- महाभूमीच्या संकेतस्थळावर विनास्वाक्षरीचा सातबारा आणि मालमत्ता पत्रक पाहता येतं. पाहायला पैसे लागत नाहीत.
- महापालिकेच्या नगररचना विभागात मंजूर लेआउटची प्रत आणि आराखड्यातलं आरक्षण पाहायला मागा.

इथली मोठी फसगत म्हणजे नुसता सातबारा पाहून निष्कर्ष काढणं. हद्दवाढ भागात बऱ्याच ठिकाणी गुंठेवारीने, म्हणजे शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याने तुकडे करून, प्लॉट पडलेत. सातबाऱ्यावर अजून मूळ शेतकऱ्याचं नाव दिसतं आणि प्रत्यक्षात जागा तीन हात फिरलेली असते. उलटही होतं. सगळे ज्याला "अमक्याचा प्लॉट" म्हणतात ती लेआउटमधली ओपन स्पेस निघते. म्हणून सातबारा आणि लेआउट दोन्ही समोरासमोर ठेवून बघा.

जागा खाजगी निघाली तर मालकाला गाठा. आमचा दुसरा अनुभव सांगते. शेजारच्या प्लॉटच्या मालकाला आम्ही पत्र लिहिलं की झाडं लावत नाही, फक्त गाजरगवत काढतो आणि कचरा पडू देत नाही. तो खूष. आपल्या प्लॉटची फुकट राखण होतेय म्हणून त्याने तारेचं कुंपण स्वतःच्या पैशाने घातलं. कुंपण पडल्यावर तिथला उकिरडा आपोआप बंद झाला.

ओपन स्पेस निघाली तरी ती "आपली" झाली असं समजू नका. झाडू मारा, परवानगीने झाडं लावा. कट्टा, पत्र्याची शेड किंवा खोली बांधू नका. आणि कोणत्याही धर्माचं छोटंसं काही उभं राहू लागलं तर पहिल्याच दिवशी, प्रेमाने, थांबवा. सार्वजनिक जागेवर नवं धार्मिक बांधकाम होऊ द्यायचं नाही असा सर्वोच्च न्यायालयाचा २००९ चा आदेश आहे. नंतर ते काढायला कोणी धजत नाही आणि तुमची बाग कोर्टाच्या तारखांमध्ये अडकते.

४. अर्ज द्या आणि पोच घ्या

महापालिकेचं मुख्य कार्यालय इंद्रभुवनच्या आवारात, पण गल्लीच्या कामाला आधी आपलं झोन कार्यालय. शहरात असे आठ झोन आहेत. आपला झोन कुठला ते घरपट्टीच्या बिलावरून किंवा शेजाऱ्याला विचारून कळतं.

सोबत न्यायचे कागद:

- अर्जाच्या दोन प्रती (एक त्यांची, एक तुमची)
- जागेचे दोन-तीन फोटो, मागे तारीख लिहून
- हाताने काढलेला नकाशा, त्यात ओळखीची खूण
- रहिवाशांच्या सह्या, नावापुढे घर क्रमांक
- संपर्कासाठी एकाच माणसाचा फोन नंबर
- जागेचा कागद मिळाला असेल तर त्याची झेरॉक्स

अर्ज एका पानाचा आणि एकाच विषयाचा. दिवा, ड्रेनेज, कुत्री आणि झाडं एकाच अर्जात घातली की तो अर्ज चार विभागांत फिरत राहतो आणि प्रत्येक विभाग म्हणतो, हे पुढच्या टेबलाचं. आम्ही असा एक अर्ज दिला होता, "परिसरातील विविध समस्यांबाबत" असा झोकदार विषय टाकून. तो कुठे गेला ते सिद्धेश्वरालाच ठाऊक. अर्जात दोन गोष्टी स्वच्छ लिहा: आम्ही काय करणार आणि महापालिकेने काय करावं. उदाहरणार्थ, "रविवारी सकाळी ६ ते ८ आम्ही ३० जण कचरा गोळा करू, तो उचलण्यासाठी ८ वाजता वाहन मिळावं." पहिल्याच पत्रात "अन्यथा तीव्र आंदोलन" लिहू नका. ते वाक्य शेवटासाठी राखून ठेवा.

तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका. "ठेवून जा, साहेब आले की देतो" असं म्हणाले तर हसून म्हणा, साहेब येईपर्यंत बसते मी. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. वर्षभराच्या पोचा एका फायलीत क्रमाने लावा.

पंधरा दिवसांत हालचाल नसेल तर स्मरणपत्र द्या आणि त्यात आधीचा आवक क्रमांक टाका. तेवढ्यानेही काही झालं नाही तर दोन वाटा आहेत.

लोकशाही दिन: अधिकारी नागरिकांच्या तक्रारी ऐकतात तो दिवस, महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. अर्ज पंधरा दिवस आधी, दोन प्रतींत द्यावा लागतो. इथे एक मेख आहे. तक्रार वैयक्तिक स्वरूपाची हवी. पन्नास सह्यांचं सामूहिक निवेदन परत येतं. तेव्हा ज्याच्या दारासमोर चेंबर तुंबतंय त्याने स्वतःच्या नावाने अर्ज करायचा.

माहितीचा अधिकार: अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, मजकूर दीडशे शब्दांच्या आत. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर त्यापुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, त्याला वीस रुपयांचं तिकीट. "काम का झालं नाही?" असा प्रश्न विचारू नका, त्याला उत्तर देणं बंधनकारक नसतं. "अमुक रस्त्याच्या कामाचा कार्यादेश, मोजमाप पुस्तकाची पानं आणि देयकाची प्रत द्यावी" असं मागा. असलेला कागद मागितला की तो द्यावा लागतो.

नगरसेवकांबद्दल. २०१७ च्या रचनेत शहराचे २६ प्रभाग आणि १०२ नगरसेवक होते, म्हणजे बहुतेक प्रभागांत चार. चार असण्याचा तोटा असा की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघेल. त्यामुळे एकाच दिवशी चौघांना एकच पत्र द्या आणि खाली "प्रत रवाना" लिहून चौघांचीही नावं टाका. कोणी आधी काम केलं तर आभार फळ्यावर लिहा. बाकीचे तिघे फळा वाचतातच.

५. पहिलं श्रमदान

मार्च ते जून सकाळी सहा ते आठ, त्यापुढे एक मिनिट नाही. आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडून त्रेचाळीस-चव्वेचाळीसपर्यंत जातो. उत्साहाच्या भरात चक्कर येऊन पडलेला माणूस दुसऱ्या रविवारी येत नाही.

लागणारं सामान: फावडी, घमेली, खराटे, दोन टिकाव, एक पहार, रिकामी पोती, जाड रबरी हातमोजे, मास्क, पिण्याचं पाणी, प्रथमोपचाराची पेटी. सगळं विकत घ्यायची गरज नाही. बांधकामावरच्या मुकादमाकडून रविवारपुरतं मिळतं. मात्र हातमोजे स्वतःचे आणि चांगले घ्या. कचऱ्यात काचा, ब्लेड, इंजेक्शनच्या सुया निघतात. सुई दिसली तर हाताने उचलू नका. चिमट्याने जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाका, झाकण लावा, बाटली वेगळी ठेवून आरोग्य निरीक्षकाला सांगा. गंजका पत्रा लागला तर धनुर्वाताचं इंजेक्शन त्याच दिवशी.

ड्रेनेजच्या चेंबरमध्ये कोणीही उतरायचं नाही. झाकणही उघडायचं नाही. आतल्या वायूने माणूस आवाज न करता जातो आणि वाचवायला उतरलेला दुसराही जातो. पैसे देऊन कोणाला उतरवणं तर २०१३ च्या कायद्याने गुन्हाच आहे. चेंबर तुंबलं की महापालिकेची गाडी बोलवा, ती आली नाही तर पुन्हा बोलवा.

गाजरगवत फुलावर यायच्या आधी मुळासकट उपटा. ज्यांना दम्याचा किंवा खाजेचा त्रास आहे त्यांना हे काम देऊ नका. वेडी बाभूळ नुसती तोडली की महिन्याभरात दुप्पट फुटते, बुंधा मुळासकट काढावा लागतो. पण जाड खोड असेल तर उद्यान विभागाला विचारल्याशिवाय कुऱ्हाड लावू नका. पहार मारण्याआधी खालून वीज, पाणी, इंटरनेटची वाहिनी जाते का ते विचारा. आम्ही एकदा अख्ख्या बोळाचं इंटरनेट तोडलं होतं, ऐन परीक्षेच्या दिवसांत.

सगळ्यात नेहमीची चूक: कचरा गोळा झाला, गाडी आलीच नाही. आमची साठ पोती नऊ दिवस रस्त्यावर होती, त्यातली निम्मी कुत्र्यांनी फाडली. गाडीचं लेखी ठरल्याशिवाय श्रमदानाची तारीख फळ्यावर लिहू नका.

संपल्यावर चहा. जमलं तर कडक भाकरी आणि शेंगाचटणी. खर्च थोडा आणि पुढच्या रविवारची हजेरी पक्की.

६. उकिरडा मोडायचा असेल तर खुर्ची टाकून बसा

एका दिवसात जागा चकाचक करणं सोपं आहे. तिसऱ्या दिवशी तिथे पहिली पिशवी पडते, आठव्या दिवशी ढीग. आम्ही दोनदा हरलो. तिसऱ्या वेळी आमच्या गल्लीतले एक निवृत्त मामा वर्तमानपत्र घेऊन तिथे खुर्ची टाकून बसले, पहाटे साडेपाच ते आठ आणि रात्री नऊ ते अकरा. कोणाला काही बोलले नाहीत, फक्त वहीत लिहिलं कोण टाकतं आणि कधी. वहीतून तीन प्रकारची माणसं निघाली.

पहिली, घंटागाडी येते तेव्हा घरी नसणारी. विड्या जमा करायला गेलेल्या बायका, पहिल्या पाळीला गेलेली माणसं. यांना कचरा टाकायची हौस नाही, त्यांच्यापुढे दुसरी सोय नाही. सफाईच्या मुकादमाला भेटून गाडीची वेळ विचारली, ती वीस मिनिटं पुढे सरकली. तेवढ्याने न भागलेल्या चार घरांच्या बादल्या शेजारणींनी बाहेर ठेवायचं कबूल केलं.

दुसरा, संध्याकाळी लागणारा एक चायनीजचा गाडा. त्याच्याशी बोलणं झालं, मोठा डबा ठेवायला लावला.

तिसरे, दुसऱ्या कॉलनीतून दुचाकीवरून येऊन पिशवी भिरकावणारे. यांच्यावर भाषणाचा उपयोग नाही. तिथे उजेड हवा आणि खुर्चीवर माणूस हवा. ओळखीचा चेहरा दिसला की गाडीचा वेग वाढतो आणि पिशवी हातातच राहते.

मामा एकवीस दिवस बसले. नंतर बायकांनी त्या जागी रांगोळी घालायला सुरुवात केली आणि आता तिथे दोन बाकडी आहेत. भिंतीवर देवाच्या फरशा लावायचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. मला तो पटत नाही. कचरा चार हात पुढे पडू लागतो आणि देव उगाच दुर्गंधीत राहतात.

कचरा वेगवेगळा करून देणं घनकचरा नियमांनी प्रत्येक घराला बंधनकारक केलं आहे. ओपन स्पेसमध्ये परवानगी घेऊन कंपोस्टचा खड्डा केलात तर विड्यांच्या तेंदूपानांची कात्रणं त्यात कोरडा थर म्हणून चांगली चालतात. तंबाखूची धूळ वेगळी ठेवा, ढवळताना ठसका लागतो.

उकिरडा मोडला की कुत्रीही पांगतात. "कुत्री उचलून लांब सोडा" असा अर्ज मात्र करू नका. २०२३ च्या नियमांप्रमाणे रस्त्यावरच्या कुत्र्याची नसबंदी आणि लसीकरण करून त्याला पुन्हा त्याच जागी सोडायचं असतं. अर्ज करायचाच तर नसबंदीसाठी करा.

सफाई कामगारांबद्दल एक सांगते. फोटो काढताना त्यांना कडेला उभं करू नका आणि त्यांच्या चुकांचे व्हिडिओ टाकत बसू नका. वर्षभर गल्ली तेच झाडतात, आपण रविवारी दोन तास. त्यांना नावाने ओळखा.

७. झाडं

खड्डे मे महिन्यात घ्या, तीन फूट लांब-रुंद-खोल. ऊन खाऊन माती मोकळी होते. आपल्याकडे वरचा थर काळा आणि खाली लगेच मुरूम लागतो. छोट्या खड्ड्यातलं झाड कुंडीतल्यासारखं अडकून राहतं. जूनच्या पहिल्या सरीला फसू नका, सोलापूरचा सर्वात जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो. दोन चांगले पाऊस होऊन जमीन हातभर भिजू द्या, मग लावा.

कडुलिंब, करंज, बहावा, चिंच ही इथल्या उन्हाला पुरून उरणारी झाडं. वड-पिंपळ घरापासून आणि जलवाहिनीपासून लांब. झाड लावणं एका सकाळचं काम, जगवणं पहिल्या तीन उन्हाळ्यांचं. म्हणून जेवढ्या झाडांना पाणी घालणारं घर नक्की आहे तेवढीच लावा. आमच्याकडे प्रत्येक झाडाला एक घर जोडलंय. धुण्या-भांड्यांच्या शेवटच्या खळबळीचं पाणी चालतं, साबणाचं दाट पाणी नको. बुंध्याशेजारी पुरलेलं छिद्राचं मडकं पाण्याची बचत करतं.

शहराच्या कडेला, बाळे-केगावच्या पुढे वगैरे राहत असाल, तर मोकळं माळरान दिसलं की रोपं घेऊन धावू नका. गवताळ माळ हे स्वतःच एक जंगल आहे. नान्नजचं अभयारण्य माळढोक पक्ष्यासाठी केलं ते त्याच गवतासाठी.

उभं झाड तोडायला, फांद्या छाटायलासुद्धा, १९७५ च्या कायद्याखाली महापालिकेची परवानगी लागते. पन्नास वर्षांहून जुन्या झाडाला २०२१ पासून हेरिटेज म्हणून वेगळं संरक्षण आहे. कोणी झाड तोडताना दिसलं तर आधी शांतपणे परवानगीचा कागद मागा, फोटो काढा, मग उद्यान विभागाला आणि पोलिसांना कळवा.

८. डासांचा दिवस

पाणी रोज येत नाही म्हणून आपण साठवतो, आणि डेंग्यूचा डास नेमका साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून उडता डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. त्यामुळे आठवड्यातून एकदा भांडं पूर्ण रिकामं, घासून कोरडं. आमची सोय अशी की पाणी यायच्या आदल्या संध्याकाळी फळ्यावर "उद्या पाणी, आज बॅरल घासा" असं लिहितो. तसंही तेव्हा भांडी रिकामी होत आलेली असतात. घासा म्हणते ते मुद्दाम, कारण अंडी काठाला चिकटून राहतात. नुसतं ओतून दिल्याने जात नाहीत. फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या ताटल्या, गच्चीवरचे जुने टायर विसरू नका.

९. रात्रीची गस्त: सर्वात जपून

घरफोड्या वाढल्या की तरुण मुलं काठ्या घेऊन निघतात. उत्साह चांगला, काठी वाईट. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते भिक्षा मागून जगणारे भटके लोक होते, त्यातले बहुतेक आपल्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले. मोबाइलवर फिरणाऱ्या अफवेने झालं ते. गस्त घालायची असेल तर हे आधी मुलांना सांगा.

- आपल्या पोलीस ठाण्यात लेखी कळवा: कोण, किती वाजता, कुठल्या गल्ल्यांत. त्याचीही पोच घ्या.
- हातात टॉर्च आणि शिट्टी. काठी, दगड नाही.
- तिघांहून कमी नाही, दारू प्यायलेला कोणी नाही.
- अनोळखी माणूस दिसला तर लांबून विचारा. संशय वाटला तर ११२ ला फोन. अंगाला हात नाही, झडती नाही, व्हिडिओ नाही.
- डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा करताना कोणाला धरलंच तर विनाविलंब, कायद्याने फार तर सहा तासांत, पोलिसांच्या ताब्यात.
- "टोळी आली आहे" असा निरोप पोलिसांकडून खात्री केल्याशिवाय गटावर पुढे ढकलायचा नाही. आमच्या गटात असा निरोप टाकणाऱ्याला महिनाभर बाहेर ठेवतात, तो कितीही मोठा असो.

१०. पैसे, डिजिटल आणि नोंदणी

लगेच संस्था नोंदवायला धावू नका. नोंदणीला किमान सात सभासद, नियमावली, धर्मादाय कार्यालयाच्या फेऱ्या, आणि पुढे दरवर्षी हिशेब तपासणी. पदाधिकारी बदलले की नव्वद दिवसांत बदल अर्ज. एवढं सांभाळायला माणूस असेल तरच. माझ्या मते वर्षभर नियमित काम टिकलं तर मग विचार करा.

तोपर्यंत आपापसात महिना पन्नास रुपये, दोन रुपयांचीही पावती, आणि महिन्याच्या एक तारखेला जमा-खर्च फळ्यावर. रोकड एकाकडे, वही दुसऱ्याकडे. अनोळखी लोकांकडून किंवा दुकानांतून डबा फिरवून वर्गणी गोळा करू नका. सार्वजनिक वर्गणीला धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ क खालची परवानगी लागते, गणपती मंडळांना लागते तीच.

निवडणुकीला इच्छुक असलेला एखादा बाकडी देतो म्हणेल, बदल्यात चौकात आपल्या फोटोचा डिजिटल, म्हणजे फ्लेक्सचा फलक, लावा म्हणेल. बाकडं लेखी पत्राने महापालिकेमार्फत घ्या, डिजिटल नको म्हणा. विनापरवाना डिजिटल लावला तर गुन्हा लावणाऱ्यांवर नोंदतो, फोटोतले साहेब तेव्हा मुंबईला असतात. भिंती रंगवायच्या असतील तर भिंतीच्या मालकाची लेखी परवानगी, सरकारी भिंत असेल तर त्या खात्याची.

शेवटचा कागद म्हणजे फोनची यादी: झोन कार्यालय, आरोग्य निरीक्षक, मुकादम, महावितरणचा १९१२, पोलिसांचा ११२, उद्यान विभाग. जाड पुठ्ठ्यावर लिहून किराणा दुकानात फळ्याशेजारी टांगा. मुकादम बदलला की नंबर त्याच दिवशी बदला. आमचा पुठ्ठा आठ महिने जुना झाला होता आणि आम्ही सांगोल्याला बदली झालेल्या माणसाला रोज फोन करत होतो. तो बिचारा उचलत होता, हेच नवल.